अभ्यासपाठ : कोणाला किती वाढायचे?



यहुदी लोक दानधर्माला ‘त्सेदाका’ म्हणतात. जुन्या करारातला हाच शब्द मराठी शास्त्रात बहुधा ‘नीतिमत्त्व’ असा येतो. म्हणजे गरिबाला देणे ही मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क. लेवीय 19:9-10 पाहा. शेताचा कोपरा गरिबासाठी व परक्यासाठी राखायचा.

पण शेतच उरले नाही तर?

नोव्हेंबर 1940 मध्ये नाझींनी वॉर्सातील यहुद्यांना भिंतीआड कोंडले; चार लाखांहून अधिक माणसे. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लूम व त्यांच्या सोबत्यांनी आत मदतकार्य उभारले. एका चौकाभोवती राहणाऱ्यांची एक समिती. त्यांनीच वर्गणी काढायची, आजाऱ्याकडे पाहायचे. (आपली चाळच म्हणा.) ‘जॉइंट’ ही अमेरिकेतील यहुदी संस्था पैसा पुरवी. डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तो मार्ग तुटला. युद्ध संपल्यावर फेडू, या बोलीवर वस्तीतल्याच पैसेवाल्यांकडून उसने घेऊन काम चालवले.

राखेल आउअरबाख लेश्नो रस्त्यावर सूप वाटपाचे स्वयंपाकघर चालवत. तिथे रोज येणारेही मरतच होते. पातळ सूपावर माणूस किती तगणार? मे 1942 मध्ये रिंगेलब्लूम यांनी टिपणवहीत प्रश्न मांडला: सर्वांना चमचा-चमचा वाढावे आणि कोणीच जगू नये, की थोड्यांनाच पोटभर द्यावे? पाड्यावर धान्याची यादी करताना हा प्रश्न आपल्यालाही पडतो, पण आपल्याला पुढचा महिना असतो. तिथे 22 जुलैपासून माणसांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊ लागले.

रिंगेलब्लूम 1944 मध्ये मारले गेले. त्यांनी व सोबत्यांनी जमवलेले कागद पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये पुरले होते. त्यांतले काही 1946 मध्ये, काही 1950 मध्ये सापडले.