मोटारीची रोजनिशी
नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत मोटारी तयार होतात. पूर्वीची मोटार केवळ चाललेले अंतर मोजी. धनी कोठे गेला, हे तिला ठाऊक नसे. इंटरनेटशी जोडलेली आजची मोटार मात्र जणू रोजनिशीच लिहिते. उपग्रहांच्या संकेतांवरून ती आपले ठिकाण ओळखते आणि वेग, मार्ग यांच्या नोंदी दूरच्या संगणकाकडे धाडू शकते. कसारा घाटात अपघात झाल्यास हीच नोंद साहाय्याला येते. म्हणूनच १ जानेवारी २०१९ पासून नव्या बस, टॅक्सी आदी वाहनांत स्थानदर्शक यंत्र व संकटसूचक कळ केंद्र सरकारने सक्तीची केली.

परंतु मालक कोणत्या वैद्याकडे गेला, कोणाच्या दारी किती वेळ थांबला, हेही त्याच रोजनिशीत उतरते. ती कोणी वाचावी? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली संसदेने केलेल्या कायद्यात, संमती मागताना हेतू सांगावा व दिलेली संमती परत घेता यावी, अशी तरतूद आहे. कागदावर हे चोख आहे; पण पडद्यावरील लांबलचक मजकूर न वाचताच बहुतेक जण संमतीची कळ दाबतात. जुनी गाडी विकताना मालक किल्ल्या आणि जादा चाक मोजून देतो. तिच्या पडद्यात राहिलेले घरचे पत्ते व आप्तांचे दूरध्वनी क्रमांक पुसण्याचे मात्र त्याला स्मरत नाही.