ऊन दाराशी, हाडं उपाशी

दुबई-शारजात ऊन बारा महिने असतं, तरी इथल्या लोकांत 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. घर, गाडी, ऑफिस, मॉल, सगळीकडे आपण काचेआड असतो आणि हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काचेतून आत येत नाहीत. शिवाय सावळ्या त्वचेला ऊन जास्त वेळ लागतं. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात हे किरण फारच कमी असतात. म्हणून नोव्हेंबर ते मार्च दहाच्या सुमारास, हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं फिरा. उन्हाळ्यात मात्र उन्हामागे लागू नका. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामाला इथे सरकारचीच बंदी असते. त्या दिवसांत मॉलमध्ये चाला आणि रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढ्याच गोळ्या घ्या. भारतातून आणलेली साठ हजार युनिटची पाकिटं महिनोन्‌महिने मनानेच घेत राहिलात, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

कमजोर हाडं पडल्यावर चटकन मोडतात, म्हणून मला जास्त काळजी वाटते ती व्हिजिटवर येणाऱ्या आईवडिलांच्या पडण्याची. गावाकडच्या घरात त्यांचे पाय अंधारातही वाट ओळखतात. इथे सगळंच नवं. अनेक फ्लॅटमध्ये आंघोळ टबात करावी लागते. तो उंच काठ ओलांडताना एक पाय हवेत, दुसरा ओल्या गुळगुळीत टबात, आणि धरायला काय? टॉवेलची दांडी! ती माणसाचं वजन पेलत नाही. आईबाबा यायच्या आधी भिंतीत पक्का कठडा बसवून घ्या, टबात रबरी मॅट टाका, बसायला न सरकणारं स्टूल द्या. जेट स्प्रेने ओली झालेली फरशी लगेच पुसा. बेडरूमपासून बाथरूमपर्यंत रात्रभर लहान दिवा राहू द्या, वाटेतला गालिचा गुंडाळून ठेवा.

औषधांकडेही बघा. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना रात्री झटकन उठलं की चक्कर येऊ शकते. त्यांनी आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसावं, मगच उभं राहावं. धूसर नजरेनेही पाय चुकतो, म्हणून मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नये.

आहारात नाचणी, तीळ, दही-ताक असू द्या. इथलं लबन म्हणजे ताकाचाच भाऊ. काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी उत्तम. पन्नाशीपुढच्या स्त्रीला दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं.

पण नुसत्या गोळ्यांनी आणि दुधाने पडणं थांबत नाही. ते तोल आणि मांड्यांच्या ताकदीचे व्यायाम केल्याने कमी होतं. ओट्याला धरून एका पायावर उभं राहा, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. रोज. पासष्टीनंतर प्रत्येक स्त्रीने हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी. पाळी लवकर गेली असेल, स्टेरॉइड चालू असतील किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, तर त्याआधीच.

इतकं करूनही कुणी पडलं आणि पाय टेकवेना, तर ओढून उभं करू नका, तेल लावून चोळू नका. 998 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. खुब्याचं हाड मोडलं असेल तर शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हायला हवी.