मीठ-साखरेचे पाणी

समजा, तुमच्या घरातील लहान बाळाला जुलाब लागले. अशा वेळी मोठी माणसे काय काय म्हणतात, पाहा.

दादी म्हणते, "पाणी देऊ नका. पाण्याने जुलाब वाढतात." शेजारची खाला म्हणते, "नजर लागली असेल. दुआ पढून फुंकर घाला." अब्बा म्हणतात, "दवाखान्यात नेऊ. सुई दिली की बरे वाटेल." तेवढ्यात आरोग्यसेविका येते. ती म्हणते, "आधी मीठ-साखरेचे पाणी पाजा."

यांपैकी कोणाचे प्रेम कमी आहे? कोणाचेच नाही. प्रत्येक जण आपल्या अनुभवातून बोलतो. पाणी पाजल्यावर बाळाला पुन्हा जुलाब झालेले दादीने पाहिले आहेत. अब्बांनी सुईने ताप उतरलेला पाहिला आहे. पण जुलाबात खरा धोका असतो तो अंगातील पाणी व क्षार कमी होण्याचा. आतड्यात साखर मिठाला सोबत घेऊन शरीरात शिरते आणि त्यांच्यामागे पाणीही शिरते. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा हे पाणी गुणकारी ठरते.

१९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज मिसळलेले पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

घरी काय कराल? ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तम. नाही तर एक लीटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. हे पाणी थोडे थोडे पाजा. आईचे दूध व नेहमीचे खाणे बंद करू नका. बाळ सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर लगेच दवाखाना गाठा. तेथे अब्बांचे म्हणणेच खरे!

आणि दादी? तिच्याशी वाद घालू नका. वाटी-चमचा तिच्याच हाती द्या. ती बिस्मिल्लाह म्हणून पाजील. खालाही दुआ करील. दुआ आणि दवा एकमेकींच्या आड कधी येत नाहीत.

स्वाध्याय
१. दादी पाणी देऊ नका असे का म्हणते?
२. मीठ-साखरेचे पाणी कसे तयार कराल?
३. तुमच्या घरातील मोठ्या माणसांना विचारा : जुलाब झाल्यास ते काय करतात?