शेतकरी स्त्रियांतील योनिमार्गाचे विकार : ओळख व प्रतिबंध

‘अंगावरून पांढरे जाणे’ ही ग्रामीण स्त्रियांची नेहमीची तक्रार होय. परंतु संकोचामुळे ती बोलून दाखविली जात नाही. दुखणे अंगावर काढले जाते आणि पुढे कोणी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिल्यास भीतीपोटी तोही मानला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवर झालेल्या अशा शस्त्रक्रियांची राज्य शासनाच्या समितीने २०१९ साली चौकशी केली. योनिमार्गाच्या साध्या जंतुसंसर्गासाठी गर्भाशय काढावे लागत नाही, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे.

नैसर्गिक संरक्षण : विरजणातील जीवाणू ज्याप्रमाणे दुधात आंबटपणा आणतात, त्याचप्रमाणे योनिमार्गातील उपकारक जीवाणू तेथे आम्लता राखतात व अपायकारक जंतूंना वाढू देत नाहीत. म्हणून दुर्गंधी व खाज नसलेला थोडासा पांढरट स्राव हा रोग नव्हे.

विकारांची लक्षणे :
(१) बुरशी – दह्याच्या गाठींसारखा पांढरा स्राव व तीव्र खाज. गरोदरपणात, मधुमेहात व प्रतिजैविक औषधे घेतल्यावर हा विकार अधिक आढळतो.
(२) जीवाणूंचा समतोल बिघडणे – पातळ, करडा स्राव व माशासारखी दुर्गंधी.
(३) ट्रायकोमोनास हा सूक्ष्म परजीवी – पिवळसर-हिरवट, फेसाळ स्राव, खाज व जळजळ. हा रोग शरीरसंबंधातून पसरतो. म्हणून पतीस त्रास नसला तरी दोघांनीही एकाच वेळी उपचार घ्यावेत.

तिन्ही विकारांना एकच औषध चालत नाही. केवळ लक्षणांवरून निदान पक्के होत नाही. याकरिता तपासणी करून घ्यावी.

प्रतिबंधक उपाय :
(१) बाह्यांग रोज स्वच्छ पाण्याने धुवावे. योनिमार्गाच्या आत साबण किंवा जंतुनाशक घालू नये. त्यामुळे उपकारक जीवाणू नष्ट होतात.
(२) शौचानंतर पुढून मागे या दिशेने स्वच्छता करावी.
(३) सुती, सैल व कोरडी अंतर्वस्त्रे वापरावीत. भातलावणीत भिजलेले कपडे घरी येताच बदलावेत.
(४) मासिक पाळीचे कापड साबणाने धुऊन आडोशाला नव्हे, तर उन्हात वाळवावे.

ओटीपोटात दुखणे, ताप, रक्तमिश्रित स्राव, अथवा पाळी कायमची थांबल्यानंतर रक्तस्राव झाल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. गरोदर स्त्रीने स्वतःच्या मनाने औषध घेऊ नये.

पिकावर रोगाचा पहिला ठिपका दिसताच शेतकरी उपाय योजतो. घरातील स्त्रीच्या आरोग्याबाबतही तीच तत्परता दाखविणे अगत्याचे आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळांच्या बैठकीत ही माहिती द्यावी आणि पुरुषांनाही ती समजावून सांगावी.