जाळीगृहाच्या दुरुस्तीसाठी भंगारातील घडीचे वेल्डिंग टेबल

वाराणसीलगतच्या रामनगरच्या वांग्यास २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीने मात्र वांगे पिकाची पाठ सोडलेली नाही. कीडग्रस्त शेंडे छाटणे, कामगंध सापळे लावणे आणि रोपे कीटकरोधक जाळीखाली वाढविणे हे या किडीवरील परिचित उपाय होत. सापळ्यास बांबूची काठी पुरते. जाळीगृहाचे दार मात्र लोखंडी असते आणि ते विटांवर ठेवून जोडले की हमखास पिळते. दारात बोटभर फट राहिली, तरी मादी पतंग रात्री आत शिरून पानांवर अंडी घालतो. शेताच्या बांधावर नेता येईल असे सपाट टेबल याचसाठी हवे.

टेबलाचा वरचा भाग ९०० × ४५० मिमी पुरे. ६ मिमी जाडीचा अखंड पत्रा घेतल्यास त्याचेच वजन सुमारे १९ किलो भरते. म्हणून जुन्या अवजारांच्या सरळ पट्ट्या मध्ये फटी ठेवून जोडाव्यात. वजन घटते आणि शिकंजा अडकविण्यास जागा मिळते. आधी केवळ टाके मारावेत, दोन्ही कर्ण मोजावेत, मगच आलटून-पालटून विरुद्ध टोकांना जोड पूर्ण करावेत.

पायांसाठी २५ मिमी चौकोनी पाईपच्या ८०० मिमी लांबीच्या दोन चौकटी कराव्यात: एक ४०० मिमी रुंद, दुसरी ३२० मिमी. रुंद चौकटीची आडवी पट्टी पायांच्या मध्ये न जोडता बाहेरच्या अंगाला जोडावी. मिटताना अरुंद चौकट आधी, रुंद चौकट नंतर. मग दोन्ही एकाच पातळीत बसतात. बिजागरीसाठी १२ मिमी बोल्ट आणि एकमेकांवर आवळलेले दोन नट वापरावेत. नायलॉनचे कडे असलेला नट उष्णतेने निकामी होतो. उघडलेल्या पायांना खाच असलेल्या तिरक्या पट्टीचा आधार द्यावा.

खरी दक्षता भंगार निवडताना घ्यावी लागते. शेतात सहज सापडणाऱ्या जीआय पाईपवर जस्ताचा लेप असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी. तो पांढरा धूर श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी-ताप भरतो आणि पुष्कळदा तो हिवताप समजला जातो. दूध पिऊन तो टळतो ही कारागिरांतील समजूत निराधार आहे.

कीटकनाशकाचे रिकामे पिंप तर भंगार समजूच नये. धुतल्यानंतरही त्याच्या शिवणीत अवशेष राहतात. उष्णतेने त्यांचे विषारी वायू होतात आणि प्रवाही कीटकनाशकांतील ज्वालाग्राही द्रावकाच्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. कीटकनाशक नियम, १९७१ मधील नियम ४४ नुसार अशी वेष्टने पुन्हा वापरात येणार नाहीत अशा रीतीने फोडून वस्तीपासून दूर पुरावी लागतात.

टेबलाच्या पायांना रंग द्यावा, पृष्ठभागास नको. अर्थिंगचा चिमटा पायाला न लावता थेट जोडावयाच्या दारालाच लावावा. अन्यथा प्रवाह बिजागरीतून जातो आणि बोल्ट ठिणग्यांनी खरवडला जाऊन घडी जाम होते.