कफ दम्याचा की सिगारेटचा?

प्रश्न : वय ४६. लहानपणापासून दमा आहे, दिवसाला सात-आठ सिगारेटी होतात. वर्षभर रोज सकाळी कफ पडतो. पंप घेतोच, मग काळजी करावी का?

उत्तर : करावी. दम्यातही कफ होतो, पण रोजचा कफ आणि सिगारेट ही जोडी मला आवडत नाही. धुरामुळे श्वासनलिकेतल्या श्लेष्मग्रंथी वाढतात आणि कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस लुळे पडतात. शिवाय पंपातल्या स्टेरॉइडचा परिणाम धूम्रपान करणाऱ्यांत कमी होतो; म्हणजे तुम्ही औषध घेता आणि तुम्हीच ते बोथट करता.

कोपनहेगनमध्ये १५ वर्षे चाललेल्या पाहणीत पहिल्या सेकंदात जोराने बाहेर सोडता येणारी हवा दमेकऱ्यांत वर्षाला सरासरी ३८ मिलिलिटरने घटली, दमा नसलेल्यांत २२ने. धूम्रपान आणि सततचा कफ असेल तर घसरण आणखी वेगाने होते.

ही हवा मोजणारी स्पायरोमेट्री चाचणी करून घ्या. क्षयरोगासाठी थुंकी तपासा आणि छातीचा एक्स-रेही काढा. कफात रक्त दिसलं तर थांबूच नका. सिगारेट सोडल्यावर काही आठवडे खोकला वाढू शकतो. त्याला घाबरून पुन्हा पेटवू नका, आणि पंप मनाने बंद करू नका.