पिल्लू चावतंय? सवय मोडा, लस टोचा, खर्चाचा हिशेब मांडा

🐾 *पशुपालन सल्ला : राखणीचं कुत्रं*



वस्तीवर राखणीला पिल्लू आणलं की दोन तक्रारी हमखास येतात. पहिली आठवड्यातच येते : "फार चावतंय हो." दुसरी थोडी उशिरा : "एवढा खर्च होईल असं वाटलं नव्हतं." या दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत. चावायची सवय वेळेत मोडली नाही आणि लसीचे पैसेही वाचवले, तर त्याची किंमत घरातल्या लेकराला मोजावी लागू शकते. पिल्लू फुकट मिळतं, पण कुत्रं फुकटात पाळून होत नाही. म्हणून आजचा संदेश जरा लांब आहे. पूर्ण वाचा आणि घरात वाचून दाखवा.

*१) पिल्लू का चावतं?*

पिल्लाला हात नसतात. वस्तू काय आहे हे ते तोंडानेच तपासतं. साधारण ३ ते ६ आठवड्यांत त्याला दुधाचे २८ दात येतात, सुईसारखे टोकदार. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि ६-७ महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून दिसेल ते चावतं. हा राग नाही, खोडही नाही.

किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की भावंड ओरडतं आणि खेळ थांबवतं. महिन्याभराचं पिल्लू उचलून आणलं तर हा धडा अर्धवट राहतो. म्हणून *८ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू आईपासून तोडू नका.*

*२) सवय कशी मोडायची?*

✅ दात लागला की हात झटकू नका. हलणारी वस्तू पकडायला ते आणखी झेपावतं. हात स्थिर ठेवा, एकदाच "आ!" म्हणा, तोंड फिरवा आणि अर्धा मिनिट लक्ष देऊ नका. चावलं की खेळ संपतो, एवढं त्याला कळलं पाहिजे.

✅ चावायला हक्काची वस्तू द्या. जुन्या सुती कापडाला घट्ट गाठी मारा, ओलं करून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. थंड गाजरही चालतं. जुनी चप्पल देऊ नका. जुनी कोणती आणि नवी कोणती हे पिल्लाला कळत नाही. नायलॉनची दोरी, प्लॅस्टिक आणि शिजवलेली हाडं तर नकोच. पोटात अडकतात.

✅ पिल्लू दिवसातले १८ ते २० तास झोपतं. पोरांनी दिवसभर खेळवलं की ते थकून जास्तच चावतं. अशा वेळी पाणी दाखवा आणि शांत जागी झोपू द्या.

✅ घरात सगळ्यांचा नियम एकच हवा. आई ओरडते आणि थोरला मुलगा हात पुढे करून "चाव चाव" खेळतो, असं असेल तर पिल्लू काहीच शिकणार नाही.

✅ लहान मुलांना सांगा : पिल्लू मागे लागलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल पिल्लाजवळ एकटं सोडू नका. जेवताना किंवा झोपेत त्याला हात लावू देऊ नका.

❌ मारणं, तोंड दाबून धरणं, हाताला मिरची लावणं बंद. खेळात चावणारं पिल्लू उद्या मोठं होऊन भीतीने चावेल, आणि ते चावणं खरं असतं.

*३) राखणीचं कुत्रं तापट हवं, हा गैरसमज*

दिवसभर साखळीला बांधलं की कुत्रं तिखट होतं, असं आपल्याकडे म्हणतात. तिखट होतं हे खरं, पण आपलं-परकं न ओळखणारं होतं. मग दूध न्यायला आलेला माणूस, मजूर बाई, शाळेतून येणारं पोरगं, कुणालाही फोडतं. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत पिल्लाला माणसं, वासरू, ट्रॅक्टरचा आवाज, हातात काठी असलेला म्हातारा, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं ओळखीचं करून द्या. लसी पूर्ण होईपर्यंत मात्र हे आपल्याच वस्तीवर करा. गावातल्या इतर कुत्र्यांत नेऊ नका. चांगलं राखणीचं कुत्रं भुंकून खबर देतं. ते चावत सुटत नाही.

कुत्रं सतत आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं, विनाकारण वाऱ्यावर सोडून देणं, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. आणि बिबट्याचा वावर असेल तिथे रात्री कुत्रं उघड्यावर बांधणं म्हणजे बिबट्याला गोठ्याजवळ बोलावणं. रात्री त्याला बंद जागा द्या.

*४) दात लागला तर काय करायचं? (सर्वांत महत्त्वाचं)*

पिल्लू लहान आहे, त्याला रेबीज कसा असेल, असं समजू नका. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज असू शकतो. लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य. त्याआधी लस घेतली तर हा आजार टाळता येतो.

🔴 जखम किंवा ओरखडा साबण लावून *वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं* धुवा.
🔴 हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.
🔴 *त्याच दिवशी* सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. दंडाच्या त्वचेत द्यायची लस असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर १४ व्या दिवशीही. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. घाबरू नका.
🔴 रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या वेगळ्या औषधाबद्दल (इम्युनोग्लोब्युलिन) डॉक्टरांना विचारा.
🔴 एखादा डोस चुकवू नका. ऊसतोड, लग्न, पाऊस, काहीही असो.
🔴 गाई-म्हशीला कुत्रं चावलं तरी जखम तशीच धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.

*५) पहिल्या वर्षाचा खर्च*

खालचे दर हिशेबासाठी धरले आहेत. तुमच्या तालुक्यातले दर विचारून आकडे बदला.

• एकत्रित लस (पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे) : ३ × ६०० = १,८०० रु.
• रेबीज लस : २ × ३०० = ६०० रु.
• जंताचं औषध : ८ × ५० = ४०० रु.
• गोचीड-पिसवांचं औषध : ८०० रु.
• नसबंदी : ३,००० रु.
• पट्टा, साखळी, भांडी : ५०० रु.
• अडीअडचणीला राखीव : १,९०० रु.
*एकूण ९,००० रु., म्हणजे महिना ७५० रु.*

खाणं वेगळं. रोज पाव किलोच्या आत धान्य (महिना ६ किलो, ३० रुपयांनी १८० रु.) आणि एक अंडं (७ रुपयांनी २१० रु.), म्हणजे ३९० रु. दोन्ही मिळून *महिना १,१४० रु.* घरचं दूध फुकटचं समजू नका. ३५ रुपये लिटरने रोज अर्धा लिटर म्हणजे महिना ५२५ रु. आणि म्हशीच्या दुधाने पिल्लाला बऱ्याचदा हगवण लागते. दूध सुटल्यावर भाकरी, भात, अंडं पुरतं.

*६) कुठे वाचवायचं, कुठे नाही*

👍 *एकत्र या.* रेबीजच्या लसीची दहा डोसची मोठी बाटलीही मिळते. वस्तीवरची दहा कुत्री एकाच दिवशी टोचली तर दर डोसचा खर्च कमी होतो. खतं-बियाणं एकत्र घेतो तसंच. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. बाटली बर्फाच्या डब्यातूनच आणा, आणि लस पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्या.

👍 *नसबंदी करा.* एका मादीची वर्षाला दोनदा पिल्लं सांभाळण्यापेक्षा एकदाचा खर्च परवडतो.

👎 *एकत्रित लस टाळू नका.* पार्व्होत रक्ताची हगवण लागली की चार-पाच दिवस सलाईन लावावं लागतं. रोजचे ८०० धरले तरी ४,००० रु. जातात आणि पिल्लू वाचेलच असं नाही.

👎 *जंताचं औषध चुकवू नका.* ६ महिन्यांपर्यंत पशुवैद्यक सांगतील तसं, पुढे दर ३ महिन्यांनी. बोकड कापल्यावर कच्ची आतडी-काळीज कुत्र्याला टाकू नका. त्यातले जंत फिरून माणसाच्या यकृतात गाठी करतात. कुत्र्याची विष्ठा वैरणीत गेली तर गाई गाभडूही शकतात. गव्हाणीजवळ त्याला बसू देऊ नका.

👎 *गोठ्यातलं गोचिडाचं औषध अंदाजाने पिल्लाला लावू नका.* फवारणीचं औषध तर मुळीच नाही.

👎 *कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट खाऊ घालू नका.* कांदा-लसणाने रक्त कमी होतं, द्राक्ष-बेदाण्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. बेदाण्याच्या शेडवर पिल्लू मोकळं सोडू नका. घरातली तापाची गोळीही देऊ नका.

*७) या आठवड्याचं काम*

☑️ पिल्लाचं वय आणि लसीच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहा. एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांपासून, रेबीज ३ महिन्यांनंतर, पुढे दरवर्षी.
☑️ वस्तीवरच्या कुत्र्यांची यादी करून गटप्रमुखांकडे द्या. दहा झाली की लसीचा दिवस ठरवता येईल.
☑️ महिना हजार-बाराशे काढणं जमणार नसेल तर पिल्लू आणू नका. शेजारी दोन वस्त्यांनी मिळून एकच नीट पाळा.

जनावरांसाठी पशुसंवर्धन विभागाचा फोन : १९६२. माणसासाठी रुग्णवाहिका : १०८.

शंका असेल तर याच क्रमांकावर आवाजी संदेश पाठवा. पिल्लाचं वय आणि शेवटची लस कधी दिली, हे सांगायला विसरू नका.

– *पशुपालन सल्ला गट, आपली शेतकरी उत्पादक कंपनी*